वुल्सथॉर्पचे दगडी शेतघर : वास्तू, वर्ग आणि स्मृती

प्रस्तावना

इंग्लंडच्या लिंकनशायर परगण्यात ग्रँथम या बाजाराच्या गावापासून सुमारे ११ किलोमीटर दक्षिणेस, विदम नदीच्या खोऱ्यात, वुल्सथॉर्प नावाची लहानशी वस्ती आहे. बीव्हर किल्ल्यालगत याच नावाचे आणखी एक गाव असल्यामुळे हिचा उल्लेख ‘कोल्स्टरवर्थजवळचे वुल्सथॉर्प’ असा केला जातो. ‘थॉर्प’ हे डॅनिश वसाहतकाळातून आलेले पद मूळ गावापासून फुटून निघालेल्या वाडीस लावले जाई. या वाडीतील एका दुमजली दगडी घरात जुन्या इंग्रजी पंचांगानुसार २५ डिसेंबर १६४२ रोजी, म्हणजे आजच्या गणनेप्रमाणे ४ जानेवारी १६४३ रोजी, आयझॅक न्यूटनचा जन्म झाला. साहजिकच या घराविषयी जे लिहिले गेले ते बहुतांशी न्यूटनविषयी लिहिले गेले. घर हे त्या लेखनात पार्श्वभूमीच्या पडद्यासारखे येते. प्रस्तुत लेखात हा क्रम उलटा करून पाहण्याचा प्रयत्न आहे.

असे करण्याचे कारण केवळ वास्तुविषयक कुतूहल नव्हे. या घराविषयी दोन दावे दीर्घकाळ केले गेले आहेत. पहिला, ते ‘मॅनर’ म्हणजे जमीनदाराची वास्तू होय. दुसरा, ते प्रकाशाच्या पृथक्करणाची प्रयोगशाळा होय. दोन्ही दाव्यांना काही आधार आहे. तथापि दोन्ही दावे घराच्या भिंतींवर त्यांना पेलवेल त्यापेक्षा अधिक भार टाकतात. भिंती ज्याची साक्ष निःसंदिग्धपणे देतात ती गोष्ट तिसरीच आहे. मेंढ्या, धान्य आणि चिकाटी यांच्या बळावर तीन-चार पिढ्यांत वर आलेल्या एका निरक्षर शेतकरी कुटुंबाची ती कहाणी आहे.

येथे शब्दाविषयी एक खुलासा करणे आवश्यक वाटते. आपल्याकडे ‘फार्महाऊस’ म्हटले की शहरी धनिकाचे सुट्टीतील निवासस्थान डोळ्यांसमोर येते. सतराव्या शतकातील इंग्रजी फार्महाऊस याच्या नेमके विरुद्ध होते. शेती ज्या छपराखालून चालविली जाई, जेथे दूध तापे, चीज मुरे, लोकर साठविली जाई आणि गडीमाणसे झोपत, ते हे घर. म्हणून पुढे ‘शेतघर’ हाच शब्द योजिला आहे.

दगड, चुना आणि छप्पर

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस डॉर्सेटच्या किनाऱ्यापासून निघून कॉट्सवोल्डच्या टेकड्या, नॉर्दॅम्प्टनशायर व लिंकनशायर असा तिरका प्रवास करीत यॉर्कशायरपर्यंत पोहोचणारा ज्युरासिक काळातील चुनखडकाचा एक पट्टा आहे. या पट्ट्यावर ज्या ज्या गावांची वस्ती आहे तेथील जुनी घरे, चर्चे, कुंपणाच्या भिंती, इतकेच काय डुकरांचे गोठेही एकाच फिकट, मधाळ वा करड्या दगडाचे असतात. वुल्सथॉर्प या पट्ट्यावर वसले आहे. जवळच्या ॲन्कॅस्टर येथील खाणींचा दगड इतका नावाजलेला होता की नॉटिंगहॅमच्या वोलॅटन हॉलसाठी (१५८०–८८) आणि पुढे ग्रँथमलगतच्या बेल्टन हाऊससाठी (१६८५–८८) तो वापरला गेला. महालांचा दगड आणि शेतकऱ्याच्या घराचा दगड भूगर्भदृष्ट्या एकाच कुळातील होता. फरक होता तो घडाईत.

हा फरक वुल्सथॉर्पच्या घरात स्पष्ट वाचता येतो. महालाच्या दर्शनी भिंतीचा प्रत्येक दगड छिन्नीने तासून, सांधा सुरीच्या पात्याइतका बारीक ठेवून बसविलेला असतो. येथे तसे नाही. भिंतींचे मुख्य अंग साध्या, थोडक्या घडाईच्या दगडांचे, थरांनी रचलेले आहे. घडीव दगड राखून ठेवला आहे तो केवळ कोपऱ्यांसाठी, दारे-खिडक्यांच्या चौकटींसाठी, धुराड्यांसाठी आणि त्रिकोणी माथ्याच्या भिंतींवरील कडांसाठी. जेथे घर मार खाते, जेथे पाणी शिरते आणि जेथे शेजाऱ्याची नजर पडते तेथेच पैसा खर्च केलेला आहे. एखाद्या जमाखर्चाच्या वहीत डोकावावे तशी ही भिंत घरमालकाची काटकसर सांगते. त्याला प्रतिष्ठा हवी होती, पण ती कोपऱ्यांपुरती.

भिंतीतील सांधणीचा चुनाही याच खडकापासून भाजून केलेला असे. दगड आणि चुना एकाच कुळातील असल्याने ओलावा दोहोंतून सारख्याच सहजतेने येतो-जातो आणि भिंत वाळत राहते. विसाव्या शतकात अनेक जुन्या घरांच्या सांध्यांत सिमेंट भरले गेले तेव्हा हा व्यवहार थांबला, पाणी दगडातच अडकले आणि हिवाळ्यातील गोठणीबरोबर दगडाचा पृष्ठभाग पापुद्र्यासारखा सुटू लागला. वास्तुजतनाच्या क्षेत्रात चुन्याचा पुन्हा आग्रह धरला जातो तो या अनुभवामुळे.

छप्पर दगडी पाट्यांचे आहे. या प्रदेशात अशा पाट्यांसाठी प्रसिद्ध असलेले ठिकाण म्हणजे दक्षिणेकडील कॉलिवेस्टन. तेथील कारागिरी पाहण्यासारखी आहे. हिवाळ्याच्या तोंडाशी जमिनीखालून काढलेले चुनखडकाचे ओले ठोकळे उघड्या मैदानात मांडून ठेवीत आणि ते सुकू नयेत म्हणून त्यांवर पाणी शिंपडीत. दगडातील पाणी रात्रीच्या थंडीत गोठून फुगले की ठोकळ्यात नैसर्गिक थरांवर चिरा पडत आणि मग हातोडीच्या हलक्या घावाने त्याच्या पाट्या सुटत. हिवाळा सौम्य गेला तर त्या वर्षी पाट्या कमी, हे ओघाने आलेच. छपरावर सर्वांत मोठ्या पाट्या खाली वळचणीला आणि आढ्याकडे जाताना क्रमाने लहान होत जाणाऱ्या, अशी मांडणी करण्याची रीत आहे. वजन पेलण्यासाठी वासे भक्कम हवेत आणि पाणी झटकन ओघळण्यासाठी पाख्यांना तीव्र उतार हवा. या तीव्र उतारामुळेच छपराखाली माळ्याची ऐसपैस जागा आपोआप मिळते, जेथे धान्य, लोकर आणि नोकरचाकर यांची सोय होत असे.

लिंकनशायरमध्ये सर्वच शेतकरी दगडी घरांत राहत नव्हते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. चुनखडकाच्या पट्ट्याच्या पूर्वेस, जेथे चिकणमातीची भूमी सुरू होते, तेथे लाकडी खांबांच्या सांगाड्यावर माती थापून घरे उभारण्याची परंपरा होती. अशी घरे थोडीच टिकली. आज आपल्याला ‘जुने इंग्लंड’ दगडी दिसते याचे एक कारण दगड टिकला आणि माती विरली हे आहे.

आराखडा आणि कुटुंब

घराचा आराखडा इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा आहे. पुढे आडवा मुख्य भाग आणि त्याला मागून काटकोनात जोडलेला दुसरा भाग. खाली हॉल, पार्लर आणि कामाच्या खोल्या, वर शयनगृहे, त्यावर माळा. ‘हॉल’ या शब्दाने आज भव्य दालनाची कल्पना मनात येते. शेतकऱ्याच्या घरात तो रोजच्या वावराचा, बहुधा चुलीचाही, खोलीवजा भाग असे. पार्लर ही त्यामानाने आतली व अधिक खासगी खोली. खिडक्या उभ्या दगडी दांड्यांनी विभागलेल्या आहेत. काच महाग असल्याने लहान लहान तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसविण्याची तेव्हाची पद्धत होती, आणि दांड्यांमधील अरुंद गाळे त्या पद्धतीला सोयीचे होते.

हे घर ज्यांनी उभे केले वा ज्यांनी त्याला आजचे रूप दिले त्या न्यूटन घराण्याची वाटचाल रिचर्ड वेस्टफॉल यांनी १९८० च्या आपल्या न्यूटनचरित्रात कागदपत्रांच्या आधारे मांडली आहे. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात जवळच्या वेस्टबी गावात हे कुटुंब करदात्यांच्या यादीत अगदी खालच्या पायरीवर दिसते. पुढच्या पिढ्यांनी जमिनीचे तुकडे जोडत नेले. अखेर १६२३ मध्ये रॉबर्ट न्यूटन, म्हणजे शास्त्रज्ञाचे आजोबा, यांनी वुल्सथॉर्पचे मॅनर विकत घेतले. मॅनर म्हणजे केवळ वाडा नव्हे. एका विशिष्ट भूभागावरील स्वामित्वाचे, न्यायसभा भरविण्याचे आणि काही देणी वसूल करण्याचे ते हक्क होत. हे हक्क त्या काळी बाजारात विकले जात, आणि वुल्सथॉर्पचे मॅनर तर आधीच्या शतकात अनेक हात बदलून आलेले होते. रॉबर्ट यांनी १६३९ मध्ये ते आपला मुलगा आयझॅक याच्या नावे करून दिले. या थोरल्या आयझॅकचे एप्रिल १६४२ मध्ये हॅना आयस्कफ हिच्याशी लग्न झाले आणि अवघ्या सहा महिन्यांत, मुलाच्या जन्मापूर्वीच, तो वारला.

त्याच्या मृत्यूनंतर झालेली मालमत्तेची नोंद ही या वास्तूच्या अभ्यासातील सर्वांत मोलाची वस्तू आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. चीजवस्तूंची एकूण किंमत ४५९ पौंड १२ शिलिंग ४ पेन्स भरली. मेंढ्या २३४ होत्या. त्या काळी त्या भागात सामान्य कळप सुमारे ३५ मेंढ्यांचा असे, हे लक्षात घेतले की या आकड्याचे वजन कळते. गुरे सुमारे ४६ होती. धान्य व माल्ट यांचीच किंमत १४० पौंडांच्या घरात होती. आणि या सधन माणसाला स्वतःची सही करता येत नव्हती. घराण्याच्या या शाखेत शास्त्रज्ञ न्यूटनच्या आधी कोणी सही केल्याचा पुरावा नाही. अक्षरओळख आली ती आईकडून. हॅनाचा भाऊ विल्यम आयस्कफ हा केंब्रिजचा पदवीधर धर्मोपदेशक होता.

म्हणजे ‘मॅनर हाऊस’ हे नाव कायद्याने खरे आहे, पण त्यातून जे चित्र उभे राहते ते खोटे आहे. आज न्यूटन घराण्याचे म्हणून जे मानचिन्ह ओळखले जाते, नडगीच्या दोन आडव्या-तिडव्या हाडांचे, त्याचा संबंध जोडताना न्यूटनला १७०५ मध्ये सर ही पदवी मिळाली आणि त्याच सुमारास त्याने आपली वंशावळ अधिकृतपणे नोंदविली, हे विसरता कामा नये. थोर मुलाची प्रतिष्ठा मागे जाऊन मेंढपाळ आजोबांच्या भिंतीवर चढली. हा उलटा वारसा स्मारकांच्या इतिहासात अनेक ठिकाणी आढळतो, आणि तो ओळखणे हे इतिहासाच्या अध्यापकाचे काम आहे.

शेतघराचे शेतकरीपण न्यूटनच्या स्वतःच्या आयुष्यातही एकदा चव्हाट्यावर आले. कोल्स्टरवर्थच्या मॅनर न्यायसभेच्या नोंदीनुसार ऑक्टोबर १६५९ मध्ये सतरा वर्षांच्या आसपासच्या आयझॅकला दंड झाला. मेंढ्यांनी दुसऱ्याच्या जागेत घुसून नुकसान केले याबद्दल ३ शिलिंग ४ पेन्स, डुकरे पिकात शिरली म्हणून १ शिलिंग आणि कुंपण नादुरुस्त ठेवले म्हणून आणखी १ शिलिंग. आईने त्याला शाळेतून काढून शेतीस लावले होते तो हा काळ. कुंपण नादुरुस्त ठेवणाऱ्या या मालकाकडे पाहून दोन वर्षांनी, १६६१ मध्ये, त्याला केंब्रिजला धाडण्याचा निर्णय घरच्यांना फारसा जड गेला नसावा.

घर केव्हा बांधले?

या प्रश्नाचे सोपे उत्तर १६२३ हे वाटते. मॅनर विकत घेतले, मग त्या मानाला शोभेल असे घर बांधले. परंतु खरेदीखत हे बांधकामाचे प्रमाणपत्र नव्हे. वास्तुअभ्यासक घराचा काळ सर्वसाधारणपणे सतराव्या शतकाचा प्रारंभ असा धरतात आणि तो मुख्यतः आराखडा व खिडक्यांच्या घडणीवरून. अशा शैलीगत अनुमानात एक अडचण अशी की, दगडी प्रदेशातील गवंडी फार सावकाश बदलतात. लंडनमध्ये इटालियन धाटणीची वास्तुकला आली तरी लिंकनशायरच्या शेतघरांत दगडी दांड्यांच्या खिडक्या पुढेही दीर्घकाळ बसविल्या जात होत्या.

हा प्रश्न एका घराचा नाही. डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १९५३ मध्ये ‘पास्ट अँड प्रेझेंट’ या नियतकालिकात असा सिद्धांत मांडला की, साधारणतः १५७० ते १६४० या काळात ग्रामीण इंग्लंडची ‘महान पुनर्बांधणी’ झाली. मध्ययुगीन घरात मधोमध उघडी चूल, धूर छपरातून जाईल तसा जाई आणि वर मजला घालणे शक्य नसे. भिंतीत धुराडे आले आणि सगळे बदलले. हॉलवर छत घालता आले, छतावर शयनगृहे आली, जिना आला, काचेची तावदाने आली आणि एकाच धुरकट खोलीत राहणारे कुटुंब वेगवेगळ्या खोल्यांत विभागले गेले. हॉस्किन्स यांच्या मते यामागे किंमतवाढ होती. धान्य-लोकरीचे भाव चढत गेले, पण जुन्या करारांनी बांधलेले खंड तसेच राहिले. मधला नफा योमनच्या, म्हणजे आपली जमीन आपणच करणाऱ्या सधन शेतकऱ्याच्या, हाती साठला आणि त्याने तो घरात घातला. मॉरिस बार्ली यांनी १९६१ च्या ‘द इंग्लिश फार्महाऊस अँड कॉटेज’ या ग्रंथात मृत्युपश्चातच्या मालमत्ता-याद्या आणि प्रत्यक्ष घरे यांची सांगड घालून या चित्रात तपशील भरला.

१९७७ मध्ये त्याच नियतकालिकात आर. मॅकिन यांनी या सिद्धांतावर आघात केला. ज्यांवर बांधकामाचे वर्ष कोरलेले आहे अशा घरांची मोजदाद करून त्यांनी दाखविले की, एकच एक महान लाट मानता येत नाही. बांधकाम लाटांलाटांनी चालू राहिले आणि त्यांच्या मोजणीत खरा भर हॉस्किन्स यांच्या कालखंडानंतर, सतराव्या शतकाच्या अखेरीस पडतो. या टीकेलाही मर्यादा आहे. घरावर वर्ष कोरण्याची हौस ही स्वतःच एक फॅशन आहे. ती वाढली म्हणून बांधकाम वाढले असे होत नाही.

वुल्सथॉर्प या वादात कोठे बसते? धुराडी, वरची शयनगृहे, हॉल व पार्लरची विभागणी या सर्व गोष्टी हॉस्किन्स यांच्या वर्णनाशी तंतोतंत जुळतात, आणि १६४२ ची मालमत्ता-नोंद त्यांच्या आर्थिक कारणमीमांसेला जणू उदाहरण पुरविते. पण बांधकामाचे नेमके वर्ष हाती नसलेले घर सिद्धांताला पुरावा म्हणून वापरणे आणि त्याच सिद्धांतावरून त्या घराचा काळ ठरविणे, हे वर्तुळ होय. न्यूटनच्या चरित्रपर लेखनात हे वर्तुळ बऱ्याचदा नकळत पूर्ण केले जाते. घर ‘पुनर्बांधणीच्या लाटेत’ बांधले गेले, एवढे एक वाक्य लिहून लेखक पुढे सरकतो.

भिंतींवरील खुणा

न्यूटनचे पहिले चरित्रात्मक साहित्य गोळा करणारे विल्यम स्टकली यांनी १७२१ मध्ये वुल्सथॉर्पला भेट देऊन घराचे रेखाटन केले. घर त्या मुलखाच्या रीतीप्रमाणे दगडाचे व बऱ्यापैकी आहे, अशी त्यांची नोंद आहे. या मोजक्या स्तुतीवर अधिक विश्वास ठेवावासा वाटतो. वरच्या मजल्यावरची अभ्यासिका त्यांना दाखविण्यात आली. तेथील फळ्या न्यूटनने स्वतः खोक्यांच्या लाकडापासून तयार केल्या होत्या आणि एके काळी तेथे सावत्र वडिलांची दोन-तीनशे पुस्तके होती. ग्रँथम येथे ज्या औषधविक्रेत्याच्या घरी न्यूटन शाळकरी वयात राहिला त्या माळ्याच्या भिंती त्याने कोळशाने काढलेल्या पक्ष्यांनी, माणसांनी, जहाजांनी भरून टाकल्या होत्या, असेही स्टकली सांगतात.

हा मुलगा भिंतींवर चित्रे काढीत असे, एवढे ज्ञात झाल्यावर वुल्सथॉर्पच्या भिंतीवरील प्रत्येक ओरखडा त्याच्या नावे जमा होणे स्वाभाविकच होते. १९२० व १९३० च्या दशकांत तेथील कुळांनी दुरुस्तीसाठी जुना भिंतकागद सोलला तेव्हा काही रेखाटने उघडी पडली. डिसेंबर २०१७ मध्ये हॉलमधील चुलीशेजारच्या भिंतीवर, साध्या डोळ्यांना न दिसणारे, पवनचक्कीचे एक कोरीव रेखाटन सापडल्याचे जाहीर झाले. नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठातील संशोधकाने त्यासाठी वापरलेले तंत्र असे की, कॅमेरा स्थिर ठेवून प्रकाशाचा कोन बदलत एकाच पृष्ठभागाची अनेक छायाचित्रे घ्यावयाची आणि संगणकाने ती एकत्र करून सूक्ष्म उंचसखलपणा उठावात आणावयाचा. प्रकाशाच्या अभ्यासकाचे रेखाटन प्रकाशानेच सापडले, हा योगायोग वृत्तपत्रांना फारच आवडला.

पवनचक्कीचा विषय न्यूटनशी जुळतो, यात वाद नाही. ग्रँथमजवळ बांधल्या जाणाऱ्या पवनचक्कीचे बारकाईने निरीक्षण करून त्याने लहान प्रतिकृती केली आणि आत उंदीर सोडून तिला ‘गिरणीवाला’ पुरविला, अशी स्टकलींची प्रसिद्ध हकिगत आहे. तथापि जुन्या इंग्रजी घरांच्या भिंतींवर खुणांची वाण कधीच नव्हती. कंपासने काढलेली सहा पाकळ्यांची फुले, एकमेकांत गुंतलेली अक्षरे, दिव्याच्या ज्योतीने मुद्दाम पाडलेले डाग अशी चिन्हे चेटूक व अरिष्ट यांपासून रक्षणासाठी दारे, खिडक्या आणि विशेषतः चुलीजवळ काढीत. २०१६ मध्ये ‘हिस्टॉरिक इंग्लंड’ या शासकीय संस्थेने अशा खुणांची नोंद करण्याचे जाहीर आवाहन केले. तर २०२४ मध्ये याच लिंकनशायरमधील गेन्सबरो ओल्ड हॉलमध्ये त्या मोठ्या संख्येने नोंदल्या गेल्याचे प्रसिद्ध झाले. चुलीशेजारी वर्तुळ सापडले तर ते भूमितीचे की भीतीचे, हे वर्तुळ स्वतः सांगत नाही. पवनचक्कीचे चित्रही त्या घरात राहिलेल्या अनेक पिढ्यांतील कोणाही मुलाने काढलेले असू शकते. ‘न्यूटनने काढले असावे’ हे विधान या पुराव्याला शोभते. ‘न्यूटनने काढले’ हे शोभत नाही.

बावीस फुटांचा प्रश्न

प्रयोगशाळेचा दावा अधिक गंभीर आहे. प्लेगमुळे केंब्रिज विद्यापीठ बंद पडल्यावर १६६५ च्या उन्हाळ्यापासून १६६७ च्या वसंतापर्यंत, मार्च ते जून १६६६ हा काळ वगळता, न्यूटन मुख्यतः वुल्सथॉर्प परिसरात होता. या काळात याच घराच्या वरच्या खोलीत त्याने सूर्यप्रकाशाचे पृथक्करण केले, असे मानण्याची परंपरा आहे.

प्रयोगाचे वर्णन न्यूटनने स्वतः फेब्रुवारी १६७२ मध्ये रॉयल सोसायटीला पाठविलेल्या पत्रात दिले आहे. अंधाऱ्या केलेल्या खोलीच्या झडपेस सुमारे पाव इंचाचे छिद्र, त्याशी लोलक, आणि २२ फूट अंतरावरील भिंतीवर रंगपट. पटाची लांबी सुमारे १३ १/४ इंच, रुंदी २ ५/८ इंच. हे आकडे पोकळ नाहीत. सूर्यबिंबाचे कोनीय माप ३१ कला धरले तर २२ फुटांवर त्याची प्रतिमा सुमारे २.३८ इंच भरते. तीत छिद्राचा पाव इंच मिळविला की २.६३ इंच होतात, म्हणजे जवळजवळ तंतोतंत २ ५/८. अंतर खरोखर मोजलेले होते, अंदाजे लिहिलेले नव्हते.

येथे मोजपट्टी हेच इतिहासाचे साधन ठरते. प्रयोगाच्या जागेचा मान मिळवू इच्छिणाऱ्या कोणत्याही खोलीला सूर्याभिमुख खिडकी हवी आणि खिडकीपासून समोरच्या भिंतीपर्यंत २२ फुटांचे, म्हणजे ६.७ मीटरचे, अडथळाविरहित अंतर हवे. सतराव्या शतकातील शेतघरे सहसा एकाच खोलीच्या रुंदीची असत. ही रुंदी उपलब्ध तुळयांच्या लांबीवर अवलंबून असे आणि साधारणतः १६ ते १८ फुटांच्या आसपास राही. तेव्हा योमनच्या घरात २२ फूट मिळवायचे तर प्रकाशाला आडव्या बाजूने नव्हे, घराच्या लांबीच्या दिशेने जावे लागेल किंवा मधले दार उघडे ठेवून दुसऱ्या खोलीत उतरावे लागेल.

कालक्रमाचाही अडसर आहे. पत्रात न्यूटन लोलक १६६६ च्या आरंभी मिळविल्याचे सांगतो आणि पुढे म्हणतो की, या विचारांत असताना प्लेगने त्याला केंब्रिज सोडावयास लावले व दोन वर्षांहून अधिक काळ काम पुढे सरकले नाही. शब्दशः घेतले तर प्रयोग केंब्रिजमध्ये सुरू झाला. लोलक स्टरब्रिजच्या जत्रेत विकत घेतल्याची जी आठवण न्यूटनच्या भाचजावयाने, जॉन कॉन्ड्युइट याने, नोंदविली आहे तीही अडचणीत आणते. कारण १६६५ व १६६६ या दोन्ही वर्षी प्लेगमुळे ती जत्रा भरलीच नाही. उतारवयातील आठवणी आणि सहा वर्षांनी लिहिलेले पत्र यांत वर्षे मागेपुढे होणे अस्वाभाविक नाही. वुल्सथॉर्पमध्ये न्यूटनने लोलक हाताळलाच नाही, असे कोणी म्हणू नये. परंतु याच खोलीत, याच खिडकीपाशी, असे बोट दाखविणे हे स्मारकाच्या गरजेतून येते, कागदपत्रातून नव्हे. त्या खोलीत आज येणाऱ्यांना प्रयोग करून दाखविण्यास मात्र कोणाची हरकत असू नये.

शेतघर ते स्मारक

न्यूटन मार्च १७२७ मध्ये मृत्युपत्र न करता वारला. वुल्सथॉर्पची जमीन पितृकुळातील दूरच्या नात्याच्या जॉन न्यूटनकडे गेली. त्याने ती सांभाळली नाही आणि १७३२–३३ च्या सुमारास ती शेजारच्या स्टोक रॉचफर्डच्या टर्नर घराण्याकडे आली. यानंतर दोनशे वर्षे घरात कुळे राहिली आणि शेती चालत राहिली. ही गोष्ट उपेक्षेची समजली जाते. वस्तुतः घर वाचले ते यामुळेच. टर्नर श्रीमंत होते, त्यांना राहण्यास हे घर नको होते, म्हणून त्यांनी ते नव्या फॅशनप्रमाणे पाडून बांधले नाही; आणि कुळांना राहण्यास ते हवे होते, म्हणून छपरावरील पाट्या वेळोवेळी शाकारल्या गेल्या. पूजास्थान होण्याचा पहिला संस्कार १७९८ चा. त्या वर्षी एडमंड टर्नर यांनी जन्मखोलीत पोपच्या सुप्रसिद्ध द्विपदीसह संगमरवरी पाटी बसविली. १९४२ मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, न्यूटनच्या जन्माची त्रिशताब्दी आली. रॉयल सोसायटी आणि पिलग्रिम ट्रस्ट यांच्या प्रयत्नाने घर विकत घेतले गेले व १९४३ मध्ये नॅशनल ट्रस्टच्या स्वाधीन झाले.

घरासमोरील बागेतील सफरचंदाच्या झाडाचे भाग्य घरापेक्षा थोर. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी ते वादळात उन्मळले, पण मुळाशी धरून पुन्हा वाढले. त्याच्या ‘फ्लॉवर ऑफ केंट’ या जातीची कलमे जगभर गेली. पुण्यात ‘आयुका’च्या परिसरातही या झाडाच्या वंशातील कलम लावण्यात आले होते. कलम हे जीवशास्त्रीय अर्थाने तेच झाड असते, हे खरे आहे. दगडाला ही सोय नाही. काढलेला दगड जेथे जाईल तेथे जातो आणि भिंतीत त्याच्या जागी दुसरा येतो.

वुल्सथॉर्पच्या भिंतींतून दोन दगड असे गेले. दोहोंवर छायेने वेळ दाखविणाऱ्या तबकड्या कोरलेल्या होत्या आणि त्या बालन्यूटनच्या हातच्या मानल्या जातात. एक दगड १८४४ मध्ये चार्ल्स टर्नर यांनी रॉयल सोसायटीला अर्पण केला. दुसरा १८७७ मध्ये कोल्स्टरवर्थच्या चर्चमध्ये बसविण्यात आला. तो तेथे ऑर्गनच्या मागे, ऊन पोहोचत नाही अशा भिंतीत, उलटा बसविलेला आहे.